बुटांचा रकाना

मंगळवारी आणि गुरुवारी, दुपारी दोन ते पाच,
मी रागावते. पगारी.
योएनसू, विद्यापीठ, तिसरा मजला, काचेआडची खोली.
राग चाळीस सेकंदांचा. वर एकही नाही,
डॉक्टर वुओक्को घड्याळ धरून बसतात.

भांडणाचं कारण ठरलेलं: किल्ली.
तार्मो विचारतो, कुठे ठेवलीस?
मी म्हणते, दर वेळी मलाच का विचारतोस?
पाचव्या सेकंदाला आवाज चढवायचा,
बाराव्याला फाइल टेबलावर आपटायची.
शिव्या नाहीत. मुलाकडे बघायचं नाही.
मग बेल. मग मुलाला सांगायचं,
हे नाटक होतं हं, आम्ही खरे भांडलो नाही,
आणि तार्मो कॉफीच्या मशीनशी जाऊन
पाठदुखीचं गाणं सुरू करतो.

मूल कोपऱ्यात ठोकळे रचत असतं.
छातीवरची चकती नाडी मोजते,
बोटातली टोपी घाम,
छतावरचा कॅमेरा भुवया.
नंतर तीन माणसं तीन खोल्यांत बसून
तेच चित्रीकरण बघतात, रकाने भरतात:
रडलं का. थिजलं का. कान झाकले का.
आईला शोधलं का. मध्ये पडलं का.
शून्य ते चार.

एका मुलीने तार्मोला ठोकळा फेकून मारला,
नेम चांगला होता.
एकाने विचारलं, काकू, खिशात बघितलंत का?
त्या दिवशी मी बेलच्या आधीच हसले
आणि मोजणी बाद झाली.

फेब्रुवारीत, बाहेर उणे बावीस असताना,
ओइवा आला. साडेपाच वर्षांचा, मोज्यांवर मासे.
धाकटीला ठेवायला कुणी नव्हतं
म्हणून तीही सोबत, दोन वर्षांची, चटईवर.
आई शेजारच्या खोलीत फॉर्म भरत होती.

पाचव्या सेकंदाला मी आवाज चढवला.
त्याने हातातला ठोकळा खाली ठेवला,
झोपलेल्या माणसाशेजारी आपण कप ठेवतो
तसा.
बाराव्याला फाइल आपटली
तेव्हा तो दाराशी होता.

आमच्याकडे बूट दाराशी काढतात.
त्याने आधी बहिणीचे घातले.
उजवा, डावा, चेन वर.
टोपी, हनुवटीखाली गाठ.
मग स्वतःचे.
मग तिचा हात मांडीवर घेऊन बाकावर बसला
बसची वाट बघणाऱ्या माणसासारखा.
आमच्याकडे एकदाही बघितलं नाही.
घाई नव्हती. हाताला सराव होता.

बेल झाली. मी गुडघ्यांवर बसून सांगितलं,
हे नाटक होतं हं.
त्याने मान हलवली, समजुतीने,
हेही त्याने आधी ऐकलेलं असावं.
बूट काढले नाहीत.

रडला, शून्य. थिजला, शून्य.
कान, शून्य. आईला शोधलं, शून्य.
नाडी चारच ठोके वर, तीही बेलनंतर.
शेरा: शांत मूल.
तिघांचंही एकमत. वुओक्कोबाई म्हणतात
एकमत झालं की मोजमाप पक्कं,
आणि त्या काही चुकीचं सांगत नाहीत.

मी म्हटलं, बूट.
त्या म्हणाल्या, बुटांसाठी रकाना नाही.
मग बराच वेळ पेनाचं टोपण
उघडत मिटत राहिल्या.
समासात लिहिलं: बूट, एकवीस सेकंद, दोन जोड्या.
उठल्या, आई बसली होती त्या खोलीत गेल्या
आणि आतून दार लावून घेतलं.
पुढचं मला माहीत नाही. माझं काम रागाचं.

घरी जाऊन किल्ली खुंटीला लावली,
वाजू न देता.

गुरुवारी पुन्हा दोन वाजले.
दाराशी एक लाल जोडी, ओली, एक बूट आडवा.
पाचव्याला आवाज चढवला, बाराव्याला फाइल,
आणि मुलाकडे बघायचं नाही हा नियम पाळून
चाळीसपर्यंत मी
त्या बुटांकडे बघत राहिले.